यश कोणाचें?

२०१९ सालीं म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय संगीतस्पर्धेंत हारुमा सातो या तरुण जपानी वादकानें चेलोवादनाचें पहिलें पारितोषिक मिळविलें. हा विजय जपानचा, कीं त्याचा एकट्याचा? आमच्या मतें दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. हिदेओ साइतो यांनीं जर्मनींत क्लेंगेल व फॉयरमान यांच्यापाशीं ही विद्या घेऊन मायदेशीं शिष्य घडविले. त्यांपैकीं त्सुयोशी त्सुत्सुमी १९६३ सालीं बुडापेस्टच्या कासाल्स स्पर्धेंत पहिले आले. परकी विद्या अशी आपली झाली. परंतु वारशानें वाट मिळते, सूर मिळत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच साधावयाचा असतो. म्हणून विजयी कलावंतानें अभिमानापूर्वीं ऋण स्मरावें. आणि समाजानेंही, त्याच्या विजयावर हक्क सांगण्यापूर्वीं, त्याच्या अप्रसिद्ध दिवसांत आपण त्यास काय दिलें, हें स्वतःस विचारावें.