पाव आपल्याहून थोरला

एस्टोनियात पावाचा तुकडा जमिनीवर पडला, तर तो उचलून त्याचे चुंबन घ्यावे अशी जुनी रीत आहे. 'राय' नावाच्या धान्याच्या या आंबट, काळ्या पावाला तिथे 'लेइब' म्हणतात. पाव आपल्याहून थोरला, त्याचा मान ठेवावा, असे घरातली वडीलधारी पोरांना सांगत आली. जेवायला बसलेल्यांना म्हणायचे 'यॅत्कु लेइबा', म्हणजे पाव पुरत राहो.

आता याच देशाची २०२१ ची जनगणना पाहावी. पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी जेमतेम २९ टक्क्यांनी एखाद्या धर्माशी आपले नाते सांगितले. मग पावाला हा मान कशापोटी?

भुकेच्या आठवणीपोटी, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही. कुळे जमीनदारांची बांधील होती, त्या काळात धान्य सरत आले की पिठात कोंडा मिसळून पाव भाजत. पण भूक माणसाला अन्नावर तुटून पडायला लावते; अन्नाला थोरले मानायला ती शिकवत नाही. ते शिकवतात रोजचे हात. भिजवलेल्या पिठावर क्रूस काढायचा, पुढच्या खेपेसाठी थोडे आंबलेले पीठ विरजणासारखे मागे ठेवायचे. आधी देव मानायचा आणि मग आचार पाळायचा, हा क्रम आपण गृहीत धरतो. इथे मानणे ओसरले तरी हात थांबले नाहीत, आणि त्या हातांना नुसती सवय म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे.

गोडाधोडातही हे दिसते. 'लेइवासुप' हे तिथले घरगुती पक्वान्न शिळ्या पावाचेच. तुकडे भिजवून शिजवायचे, चाळणीतून गाळायचे, साखर, मनुका, दालचिनी घालायची आणि वर घुसळून फुलवलेली साय. टाकायचे ते सणाच्या वाटीत येते.

नाताळच्या रात्री रक्ताचे सॉसेज, डुकराचे मांस, आंबवलेला कोबी असे ताट रात्रभर मेजावर ठेवायची चाल होती, घरातल्या मृतांचे आत्मे येतील म्हणून. सोव्हिएत राजवटीने नाताळ सार्वजनिक जीवनातून काढून टाकला, तरी घराघरांत तो गुपचूप होत राहिला. पितृपक्षात पान वाढणाऱ्या मराठी घराला यातले काही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आग्नेयेकडच्या सेतो लोकांत तर हे नाते उघड्यावर नांदते. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. १९ ऑगस्टला ओबिनित्सा गावात प्रार्थना आटोपली की कुटुंबे दफनभूमीत जातात, आपल्या माणसाच्या थडग्यावर कापड अंथरतात आणि त्यावर जेवण मांडतात. त्यात 'सॉइर' हे घरचे चीज असते. ओळखीचे लोक या थडग्यावरून त्या थडग्याकडे जातात, गेलेल्याच्या आठवणी निघतात, घासामागून घास संपतो. उठताना थोडे अन्न तिथेच ठेवले जाते.