माप कुणाचं देणार?

बस. ते कॅटलॉग आधी मिटव.

तर तुला ट्रंपेट बनवून घ्यायचंय. खास तुझ्या मापाचं. बेल 85 टक्के तांब्याच्या पितळेची, कारण आवाज भरदार हवा. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 0.462 इंच, कारण बाख कंपनीच्या नेहमीच्या 0.459 मध्ये तुझा श्वास म्हणे कोंडतो. लेका, तीन हजारांश इंच म्हणजे एका केसाची जाडी! रियाजाला दांडी मारून एवढं बारीक कळायला लागलं तुला?

पैसे बाबांचे की तुझे, त्यात मी पडत नाही. एवढंच सांग, कारागिराने विचारलं, ‘वाजवतोस काय?’ तर काय उत्तर देशील? ऑर्केस्ट्रात बसणाऱ्याला जाड पत्र्याची बेल लागते, जोरात फुंकलं तरी आवाज फाटू नये म्हणून. छोट्या बँडमध्ये माइकसमोर उभा राहणारा पातळ बेल मागतो, चटकन बोलणारी. तू कोण? आज जॅझ, उद्या क्लासिकल, लग्नसराईत मिळेल ते. आणि रोज? रोज काय वाजवतोस? आता का गप्प?

दुसरा प्रश्न. आत्ताच्या ट्रंपेटमध्ये नडतं काय? ‘खालचा सी शार्प चढा लागतो.’ अरे, तो सगळ्यांचाच चढा लागतो! एक व्हॉल्व्ह दाबला की ठरावीक लांबीची नळी जोडली जाते. तिन्ही एकदम दाबले की ती जोड कमी पडते आणि सूर चढतो. हे गणित आहे, त्याला कारागीर काय करणार? म्हणून तर तिसऱ्या स्लाइडला कडी असते, डाव्या हाताच्या बोटाने स्लाइड बाहेर ढकलायला. तुझी हलते तरी का? काल मी ओढून पाहिली. जाम! ग्रीस शेवटचं कधी लावलंस? लीडपाइपमध्ये हिरवट थर साचलाय, आणि वर तक्रार काय, तर आवाज मोकळा येत नाही.

नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ पाहिले. तू तर नवं अंगणच घालायला निघालास, तेही डॉलर मोजून.

मार्सालिसचं नाव पुढे करू नकोस. हो, तो मॉनेटने बनवलेलं वाजवतो. जॅझ आणि क्लासिकल, दोन्हींतलं ग्रॅमी एकाच वर्षी घेतलेला माणूस आहे तो. तुझं काय? आणि गिलेस्पीची गोष्ट तर मीच सांगितली होती, सोयीचं तेवढंच लक्षात ठेवलंस. 1953 साली पार्टीत त्याच्या ट्रंपेटवर कुणीतरी पडलं, बेल वाकून वर गेली. त्याने आदळआपट केली नाही, वाजवून पाहिलं. आपलाच आवाज आपल्याला लवकर ऐकू येतोय हे त्याच्या कानाने पकडलं. तशी बेल त्याने बनवून घेतली ती त्यानंतर.

कान तुलाही आहे. चीड त्याचीच येते. वर्गात दुसऱ्याचा सूर जरा उतरला की पहिली मान तुझी वळते. स्वतः वाजवताना तो कान कुठे गहाण टाकतोस?

माउथपीसचंही तेच. सातसी झालं, तीनसी झालं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून उथळ कपाचं. कुठल्या एकावर महिनाभर तरी टिकलास? आरशात बघ, ओठावर लाल गोल उमटलाय. वरचे सूर तू श्वासाने काढत नाहीस, दाबून काढतोस. आज ऑर्डर दिलीस तर कारागीर या दाबणाऱ्या ओठांना सोयीचं ट्रंपेट बनवेल. ते हातात पडायला काही महिने जातील. तोवर देवदयेने तू सुधारलास, तर ते कुणाच्या मापाचं? आणि नाही सुधारलास, तर तीच खोड तू पैसे देऊन पक्की करून घेणार का?

शनिवारी ये. ट्रंपेट कोमट पाण्याने आतून धुऊन, स्लाइडला ग्रीस लावून. माउथपीस एकच आण, कुठलं ते तू ठरव. लाँग टोन वाजवायचे, आधी तुझ्या ट्रंपेटवर, मग माझ्या. मी रेकॉर्ड करतो आणि उलटसुलट क्रमाने ऐकवतो. कुठलं कुणाचं आणि फरक नेमका कशात, हे तू सांगायचं. सांगितलंस, तर कारागिराला मेल मी स्वतः लिहीन.