क्षय कोणत्या तापात मोडतो?

समर्थ रामदासांचं जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यातलं. आरोग्यसेवक म्हणून त्या रस्त्यानं कितीदा गेलो, पण दासबोध हातात धरला तो रिटायर झाल्यावर. तिसऱ्या दशकात तापत्रय आहे. देहातूनच उठतो तो आध्यात्मिक, इतर भूतांपासून पोहोचतो तो आधिभौतिक, आणि मेल्यावर कर्माप्रमाणे यमयातना, तो आधिदैविक. रोगांची लांबलचक यादी समर्थांनी पहिल्या तापात घातली आहे. तिथं मी अडकलो.

कारण एक ऊसतोड बाई आठवली. पोळ्याच्या सुमारास तिच्या थुंकीत जंतू निघाले. वजन ३८ किलो, रोज ३ गोळ्या. लघवी लाल झाली म्हणून पहिल्याच दिवशी घाबरून आली. औषधाचाच रंग आहे, म्हणालो. महिन्यात खोकला थांबला, भाकरी गोड लागायला लागली. दिवाळी झाली अन् ऊसतोडीची टोळी निघाली. उपचार ६ महिन्यांचा, झालेले जेमतेम २. महिन्याच्या गोळ्या बांधून दिल्या आणि सांगितलं, पुढच्या तिकडच्या सरकारी दवाखान्यात घ्या, फुकट मिळतात. खोटं नव्हतं. पण फडात उतरायचं पहाटे चारला, दवाखाना उघडणार नऊला. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती दवाखान्यात गेली की कोयता मोडला, खाडा पडला, आणि खाडा उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, धरला जातो.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, चैत्रात परतली, ती खोकतच. गोळ्या मार्गशीर्षातच संपलेल्या. सगळा हंगाम एका कोपीत दोन लेकरं अन् सासू शेजारी निजलेली. मी रागावलो, ‘मुकादमाला सांगायचं ना!’

‘सांगितलं तं टोळीतून काढतो, भाऊ. मंग उचल कशी फेडावी? भोग हाय म्हणायचा. भोगाला बोल लावला तं त्यो काही कापून घेत नाही.’

मीही भोगच म्हणायचो. तसं म्हटलं की रजिस्टरात ‘उपचार सोडला’ असा शेरा मारताना हात अडखळत नाही. खरं तर सोडला कुणी?

१८८२ साली रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. जंतू हा जीव, म्हणजे भूतच; तेव्हा नुसत्या शब्दार्थानंही क्षय दुसऱ्या तापात सरकतो. ही झाली माझी पंतोजीगिरी. पण जंतूमागं उचल आहे, साखर आहे, दवाखान्याची वेळ आहे, आणि महिन्याच्या गोळ्या देऊन मोकळा झालेला मी आहे. ही सगळी भूतंच की. समर्थांच्या यादीला हात लावायची माझी प्राज्ञा नाही, तरी पेन्सिलीनं समासात एक खूण केली आहे.

तिची थुंकी पुन्हा तपासायला जालन्याला धाडली. औषधाला जंतू अजून दाद देत होता, एवढं नशीब. पहिल्यापासून गोळ्या सुरू केल्या. पाकीट हातात घेऊन ती बोटांवर मोजायला लागली, चैत्र, वैशाख, जेठ... भाद्रपदावर थांबली.

‘टोळी निघायच्या आत सरतेत,’ म्हणाली.