चोर्ल्याच्या चढासाठी राखलेली शिल्लक

जांबोटी

चि. भाच्यास,


तुझ्या जुन्या डिझेल स्विफ्टला रिमॅप करायचं, म्हणजे इंजिनच्या संगणकातली फाईल बदलून जोर वाढवायचा म्हणतोस. 75 पीएसची 95 होईल, टॉर्क 190 वरून 240 न्यूटन-मीटरवर जाईल, असं दुकानदारानं सांगितलंय. ‘इंजिनला झेपेल का?’ असं विचारलंस. एक दिवस नक्की झेपेल. पण रोज झेपेल का, हे विचार की!

तू म्हणतोस, कंपनीनं हेच 1248 सीसीचं इंजिन 90 पीएसला विकलं, म्हणजे आपल्याला मुद्दाम आवळून दिलं. हे अर्धंच खरं. एसएक्सफोर आणि अर्टिगामध्ये 90 होते, पण तिथला टर्बो निराळा, आतली पाती वेगाप्रमाणे कोन बदलणारी. आणि एवढं करूनही कंपनी 200 न्यूटन-मीटरवर थांबली. तू साध्या टर्बोकडून 240 मागतोयस.

उद्यमबागेत कास्टिंगवर हात काळे करण्यात माझी हयात गेली. धातू जोरापेक्षा उष्णतेला भितो. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, सिलिंडरमधली ज्वाला त्याच्या कितीतरी पुढं जाते. तरी पिस्टन टिकतो, कारण उष्णता रिंगांतून भिंतीला आणि खालून तेलाला मिळत राहते. डिझेल वाढवलं की उष्णता वाढते, ती ओढून नेणारी वाट मात्र तेवढीच राहते. कंपनीनं शिल्लक ठेवलेली असते ती वाईट दिवसासाठी: चोंदलेला फिल्टर, हलकं डिझेल, पाच माणसं, मे महिना आणि साखळीकडून चढणारा चोर्ला घाट. तू ती शिल्लक बेळगावच्या सपाट रस्त्यावर उडवणार.

आणि मोडतं ते बहुतेक वेळा इंजिन नव्हेच. माझ्या एका दोस्तानं असाच जोर वाढवला होता. घाटात काटा तीन हजारांवर चढला, गाडी मात्र होती त्याच वेगात; मग जळका, करपट वास. क्लच घसरत होता. पावसात, धुक्यात, वळणावर उभे राहिलो. त्या दिवशी इंजिन ठणठणीत होतं, बरं का.

तरी करायचंच असेल तर आधी चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. टर्बोचा दांडा हातानं हलवून बघ, खेळ जास्त असेल तर विषय तिथंच संपला. क्लच, ब्रेक, टायर आधी, जोर शेवटी. वाढही थोडी घे, आणि मूळ फाईल जपून ठेवायला सांग. चढ संपवून आलास की लगेच किल्ली फिरवू नकोस, मिनिटभर इंजिन चालू ठेव. टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो, त्याला तेल लागतं.

कायद्याचंही ऐक. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. विमा कंपनीपासून बदल लपवलास तर अपघातानंतर क्लेमवरून भांडत बसशील.

पैसे देण्याआधी रविवारी गाडी घेऊन इकडं ये. मामी, मी आणि तांदळाची दोन पोती घालून कणकुंबीपर्यंत जाऊ. चढावर चौथ्या गियरमध्ये पूर्ण पाय दाबायचा. काटा नुसताच उडाला, तर आहे तोच जोर गाडीला जड झालाय, असं समज.

तुझा,
मामा