शिक्का मारणारे हात

पेडणे महालातल्या आमच्या पार्से गावी पावसाळा लागला की घरोघरी खोकल्याची बाटली येते. दुकानदार देतो, आई चमचा भरते, मूल तोंड वाकडे करून पिते. आत काय आहे हे तिघांनाही ठाऊक नसते. बाटलीवर परवान्याचा क्रमांक आहे, एवढ्यावर सारे चालते. म्हणजे आपला विश्वास असतो तो कधीही न पाहिलेल्या एका तपासनिसावर. तो तपासनीस कोणाचा चाकर?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी चौदा रुग्ण दगावले. त्यांस पाजलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे द्रव्य चवीला गोड, किमतीला स्वस्त, दिसावयास ग्लिसरीनसारखेच. पण मूत्रपिंडे निकामी करते. ही गोष्ट नवी नव्हती. अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषाने शंभरावर माणसे मेली होती व त्यामुळे तेथे पुढल्याच वर्षी कडक कायदा झाला. आपल्याकडेही १९४० पासून औषधांचा कायदा आहे. मग पहारेकरी कोठे होता?

न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने हेच शोधले. दोष एका कारखान्यापाशी संपला नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाचे अधिकारी आणि थेट मंत्र्यांचे दालन, येथवर तो पोहोचला. प्रशासनाने कारखानदारावर कारवाई करावी, त्याने मंत्रालयात धाव घ्यावी आणि स्थगिती मिळवावी, असा रिवाजच पडला होता.

यात पैसा खाणारे होतेच. त्यांच्याविषयी काय लिहावे? आम्हांस अधिक छळतो तो नुसती सही करणारा. केंद्रीय औषध नियंत्रण खात्याविषयी संसदीय समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. नव्या औषधांची शिफारस करणारी निरनिराळ्या शहरांतल्या तज्ज्ञांची पत्रे जवळजवळ शब्दशः सारखी आढळली. मजकूर कंपन्यांकडूनच आला असावा, असा समितीस संशय आला. त्या विद्वानांपैकी एखाद्याने दमडीही घेतली नसेल. त्याने फक्त कोणाचे तरी मन राखले असेल.

शब्बाथशाळेत पिलाताचा धडा आम्ही अनेकदा शिकविला. परंतु मंडळीच्या हिशेबावर, खजिनदार भला माणूस म्हणून, न वाचता सहीही केली आहे. तेव्हा पिलात आठवला नाही.

कोणी म्हणेल, गोव्यात औषधांचे कारखाने पुष्कळ, आपल्याच मुलांची भाकरी तेथे आहे. तपासनीस फार कडक झाला तर ती जाईल. ही भीती खोटी नाही. पण भेसळ खपवून घेतली, तर प्रामाणिकपणे माल तपासणारा कारखाना महाग ठरतो आणि आधी तोच बुडतो. शिवाय बाटली ज्याच्या घरी जाते, त्याला कोणी विचारले आहे काय?

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. औषधात तेच गोड द्रव्य निघाले. कारखाना परवानाधारक होता.