वीरगळ आणि बांगड्यांचा हात

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेला टेकून दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. कन्नड आणि मराठी तेथे एकाच वाक्यात ऐकू येतात. काही वर्षांपूर्वी त्या भागातील एका कुटुंबाची भेट घेऊन परतताना आम्ही एका गावाच्या वेशीजवळ थांबलो होतो. सोबत धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक मुलगा होता. मारुतीच्या देवळामागे दोन दगड तिरके उभे होते. त्याने विचारले, "फादर, हे कोणते देव?"

देव नव्हेत. पहिला वीरगळ होता. खालच्या चौकटीत लढाई आणि पायाशी गाई. म्हणजे शत्रूने पळविलेले गोधन सोडविताना हा वीर पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत. ते असेपर्यंत याची कीर्ती राहो, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर नावही कोरलेले नसते. दुसऱ्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात होता. ती सतीशिळा, असे आम्ही सांगितले, सतीचा अर्थही सांगितला. "मग ती कोणाशी लढली?" मुलाने विचारले. आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही.

वीर कोणाला म्हणावे, हे प्रत्येक काळ आपल्यापरीने ठरवितो. ग्रीकांचा अकिलीस दीर्घायुष्य नाकारून कीर्ती पत्करतो. त्याच्या क्रोधापायी स्वकीयांची प्रेते पडतात, तरीही तो वीरच राहतो. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. इंग्रज सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार, तर सोलापूरकरांना ते चार हुतात्मे. त्याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले आणि तेथील जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. त्यांच्या हाती शस्त्र होते ते शल्यवैद्याचे. वीरगळ घडविणाऱ्या पाथरवटाने त्यांना कोणत्या चौकटीत बसविले असते, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

ख्रिस्तसभेलाही हा शब्द आरंभी अडचणीचाच वाटला. रक्तसाक्ष्यांना आपण आपले वीर म्हटले असते, पण ख्रिस्तसभेच्या बोलण्यात तशी रीत नाही, अशा आशयाचे संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात लिहिले आहे. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्य या सद्गुणाचा विचार करताना पारडे उलटे फिरविले. चढाई करणे हे धैर्याचे मुख्य कार्य नव्हे, तर संकटात न ढळता टिकून राहणे, हे होय. चढाई करणारा स्वतःला बलवान समजतो. सोसणाऱ्याला बलवानाचा मार सोसावा लागतो, आणि तोही दीर्घकाळ.

सेमिनरीत हे शिकताना आम्ही हरखून गेलो होतो. गोरगरिबांच्या धर्मग्रामात काम करू पाहणाऱ्याला याहून चांगले शस्त्र कोणते? आणि आम्ही ते वापरले, येथेच आमची चूक झाली. एक बाई नवऱ्याच्या माराने सुजलेला चेहरा घेऊन आमच्याकडे आली. आम्ही तिला क्रूसाची आठवण दिली, सोसण्यातील वीरता समजावून सांगितली आणि घरी धाडले. एकदा नव्हे, तीनदा.

संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी 1941 साली आउश्विट्झच्या छळछावणीत उपासमारीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जागी स्वतःला पुढे केले. 14 ऑगस्टला त्यांना सुई टोचून मारण्यात आले. 1971 साली त्यांना धन्य घोषित केले ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे. परंतु 1982 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना रक्तसाक्षी म्हणूनच संतपद दिले. दुसऱ्यासाठी जीव अर्पण करणे हा संतपदाचा एक स्वतंत्र मार्ग म्हणून पोप फ्रान्सिस यांनी 2017 साली मान्य केला. ख्रिस्तसभेची व्याख्यासुद्धा अशी हळूहळू सरकत आली आहे. पण कोल्बे यांच्या सोसण्याने एक माणूस वाचला. तो 1982 च्या त्या सोहळ्याला स्वतः उपस्थित होता. आमच्या त्या भगिनीच्या सोसण्याने कोण वाचले? नवरा सुधारला नाही, मुले भेदरली. यातना नव्हे, तर ज्या कारणासाठी ती सोसली ते कारण रक्तसाक्षी घडविते, हेही ऑगस्टीन यांचेच म्हणणे. ते आम्ही परीक्षेत लिहिले होते आणि तिच्यासमोर विसरलो होतो.

सतीशिळा उभारणारे लोक दुष्ट होते, असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी तो हात आदरानेच कोरला असेल. ज्याची आपण पूजा करतो ते सोसणे दुसऱ्याच्या वाट्याचे आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे. आमच्याही आले नव्हते.

ती बाई आता मुलांसह सोलापुरात राहते, शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. "बसा, फादर," म्हणून तिने चहा ठेवला. क्षमेविषयी ती काही बोलली नाही.