18 इंचांचा बार आणि मारय्याची मोळी

तूर निघाली की मुडबीच्या शिवारात बांधाबांधावर तुराट्यांचे भारे रचले जातात. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे, बसवकल्याण तालुक्यातले हे गाव. भोवतालचा पट्टा तुरीचा, त्यामुळे चुलीचे पहिले जळतन घरचेच. तुराटी हाताने मोडते, चटकन पेटते आणि तितक्याच चटकन विझते. घरात गॅस आला तरी न्हाणीतले पाणी, लग्नातला भात, जत्रेतली कढईभर आमटी यांना जाड लाकूड लागतेच. मग नजर जाते बांधावरच्या वठलेल्या बाभळीकडे, नाहीतर वादळात आडव्या झालेल्या लिंबाकडे. वाळली बाभूळ कुऱ्हाडीला सहजी दाद देत नाही. तिथे आता चेनसॉ आला आहे. लोक त्याला सरळ कटर म्हणतात.

कटर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार आधी बार, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, विचारतो. 16 इंची देऊ, 18 की 22? बोट बहुधा 22कडेच जाते. पैशांत फार फरक नसतो, शिवाय घ्यायचेच तर मोठे घ्यावे ही आपली जुनी खोड. या निवडीत धर्माचा काय संबंध, असे कुणीही म्हणेल. पण मुडबी ज्या तालुक्यात आहे तिथे बाराव्या शतकात ‘किती पुरे?’ हा प्रश्न थेट धर्माचा प्रश्न म्हणून विचारला गेला. आणि तो विचारणाऱ्यांत एक जण सरपण विकणारा होता.

त्याचे नाव मोळिगेय मारय्या. आख्यायिका सांगते की हा मूळचा काश्मीरचा राजा, महादेव भूपाल. बसवण्णांची, म्हणजे महात्मा बसवेश्वरांची, कीर्ती ऐकून तो पत्नी महादेवीसह राज्य सोडून कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, आला आणि रानातून लाकडाच्या मोळ्या आणून विकू लागला. हुमनाबादजवळच्या मोळकेऱ्याशी त्याचे नाव जोडतात. काश्मीरच्या राजपदाला इतिहास दुजोरा देत नाही, पण त्याची वचने आहेत, महादेवीचीही आहेत, आणि ‘निःकळंक मल्लिकार्जुन’ ही त्याची वचनांतली नाममुद्रा कन्नड वाचकाला ओळखीची आहे. एकदा म्हणे बसवण्णा जंगमाच्या, म्हणजे फिरत्या शिवभक्ताच्या, वेषात त्याच्या झोपडीत आले, आंबील प्याले आणि निघताना मोहरांच्या थैल्या गुपचूप ठेवून गेले. या जोडप्याला तो उपकार झोंबला. थैल्या जंगमांना वाटून टाकल्या, आणि मारय्या पुन्हा आपला रानात.

डोक्यावर मावेल तेवढी मोळी, हे त्याचे माप. आता बारकडे वळू.

बारची लांबी म्हणजे यंत्राच्या तोंडापासून टोकापर्यंत, जेवढा भाग प्रत्यक्ष कापतो तेवढी. आत दडलेला तुकडा त्यात धरत नाहीत. नेहमी ज्या जाडीचे ओंडके कापायचे, त्याहून बार दोन इंच लांब असला की झाले. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या सहा ते दहा इंचांच्या, खोड फूट-सव्वा फुटाचे. त्याला 16 इंची बार पुरतो, 18 इंची घेतला तर हात जरा मोकळा चालतो. दोन फुटी लिंब आलाच तर आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने कापता येतो. 22 इंची बार खरा कामाचा जुनाट चिंचेला किंवा आंब्याला, आणि तसले खोड घरच्या जळतनासाठी वर्षात कितीदा कापायचे असते?

बरे, लांबी फुकट मिळत नाही. बार जेवढा लांब तेवढे इंजिन ताकदीचे हवे. 16 इंचांना 35 ते 45 सीसी चालते, 18ला पन्नाशीच्या आसपास असलेले बरे, 22ला साठीच्या घरात जावे लागते. शेतीअवजारांच्या दुकानांतून 58 सीसी आणि 22 इंच ही जोडी सर्रास विकली जाते आणि कागदावर ती शोभतेही. पण वाळल्या बाभळीत पूर्ण बार बुडाला की स्वस्तातले इंजिन गुदमरते. मग माणूस जोर लावतो, बार तापतो, साखळी ढिली पडते. आडवा ओंडका कापताना लांब टोक पलीकडे मातीत शिरते, आणि काळ्या मातीतल्या एका खड्याने सगळी धार जाते. सर्वांत वाईट म्हणजे उसळी. टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला नुसता शिवला तरी बार क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. साखळी त्या वेळी सेकंदाला वीसेक मीटर धावत असते. टोक डोळ्यांपासून जितके लांब, तितके ते कुठे लागते आहे हे उशिरा कळते.

धारेची परीक्षा भुशावर. धार असली की लाकडाचे जाडसर कपचे उडतात. गेली की पिठासारखी पूड पडते आणि कापाच्या जागेतून धूर यायला लागतो. मग इंजिन बंद, आणि ओंडक्यात बार अडकवून हातात गोल कानस. या साखळीला ती बहुधा 4.8 मिलिमीटरची लागते. कोन 30 अंशांचा. कानस पुढे सारायची, मागे आणताना उचलून घ्यायची. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडे रेटे सारखेच पडले पाहिजेत, नाहीतर बार लाकडात तिरका जातो. 18 इंची बारवर असे 36 दात असतात, 22 इंचीवर 43. म्हणजे न लागणाऱ्या चार इंचांसाठी दर खेपेला सात दात जास्त घासायचे.

इथे लक्कम्मा आठवते. तिचा नवरा आय्दक्की मारय्या, हा वेगळा मारय्या, बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचा. त्यावर या दोघांचा दासोह, म्हणजे जंगमांना जेवू घालणे, चाले. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने मापाकडे पाहिले आणि त्याला जास्तीचे परत टाकून यायला लावले. तांदूळ चोरीचे नव्हते, सांडलेलेच होते, आणि ते जंगमांच्याच पानात पडणार होते. तरी तिने ठेवून घेतले नाहीत.

या गोष्टीतली खोच पटकन लक्षात येत नाही. यंत्राविरुद्ध आपल्याकडे एक लाडका युक्तिवाद आहे: कुऱ्हाड बरी, कारण माणूस दमतो, दमला की थांबतो, थांबला की झाड वाचते. चेनसॉ दमत नाही, म्हणून तो पापी. ऐकायला हे छान वाटते. पण आय्दक्की मारय्या दमला म्हणून थांबला नव्हता. उलट जास्तीचे दाणे त्याने वेचले होते, घरी आणले होते, पाठ काही मोडली नव्हती. थांबवले ते लक्कम्माच्या हिशेबाने. कल्याणच्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांभोवतीच्या या भक्तांनी, मर्यादा थकव्यावर सोडली नाही, ती ठरवली. आणि मर्यादा ठरवायचीच असेल तर हातात कुऱ्हाड आहे की कटर याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते दुकानात, ओंडका न मोजता 22कडे बोट दाखवताना.

जुन्या धर्मशास्त्रांनी मात्र हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात उपपातकांची लांबलचक यादी आहे. तीत मोठी यंत्रे चालवणे आणि सरपणासाठी ओली झाडे पाडणे ही दोन्ही पापे जवळजवळ शेजारी बसली आहेत. ओल्या बाभळीला कटर लावणाऱ्याला एका दमात दोन्ही लागू व्हावीत! मोठे यंत्र म्हणजे काय यावर टीकाकारांचे एकमत नाही. कुणी त्यात नदी अडवणारे बांध पाहिले. जैनांची शिस्त आणखी कडक. श्रावकाला वर्ज्य असलेल्या 15 धंद्यांत कोळसा पाडणे आहे, वन तोडणे आहे, यंत्राने पिळणेही आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, याच कलबुर्गी जिल्ह्यात, आणि तिथे जैन विद्येचे मोठे पीठ होते. तेव्हा हा विचार या भागाला परका नव्हे.

शरणांनी मनूचा आधार कधीच घेतला नसता, हे वेगळे सांगायला नको. त्यांनी तर नेमका सरपणाचा हलका मानलेला धंदा उचलला आणि त्याला कायक म्हटले, पूजेच्या जागी बसवले. तरी ओल्या आणि वाळल्या लाकडातला मनूचा फरक टाकून देण्यासारखा नाही. कर्नाटकात 1976चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. सुबाभूळ, निलगिरी अशा काही जाती वगळल्या तर स्वतःच्या शेतातले झाड तोडायलाही परवानगी घ्यावी लागते. कायद्याची भाषा पापाची नाही, पण चिंता तीच. आणि चेनसॉबद्दल खरी तक्रार इथेच उभी राहते. कुऱ्हाडवाला वठलेले, पडलेले, फांदी मोडलेले झाड शोधत हिंडायचा. कटरला बांधावरचे हिरवे झाड वाळल्या बाभळीपेक्षा सोपे जाते, धारही जास्त टिकते. यंत्राचा कल ओल्याकडे असतो. माणसाला तो कल मोडून काढावा लागतो.

यंत्र म्हणजे निसर्गाबाहेरचे काही, असे समजणाऱ्यांनी त्याचा दात एकदा जवळून पाहावा. आजच्या साखळीचा घाट 1947 सालचा, अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याचा. लाकूड पोखरणारी एक जाडजूड अळी डावी-उजवीकडे जबडा चालवत उभ्या-आडव्या रेषांतून सारख्याच सहजतेने वाट काढते, हे पाहून त्याने दातांची एकाआड एक रचना केली. गांधीजींनीही सगळी यंत्रे एका पारड्यात टाकली नव्हती. 1924मध्ये रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली, कारण त्यामागे बायकोचे कष्ट पाहून सुचलेली माया होती. त्यांचा राग यंत्राच्या हव्यासावर होता. भर उन्हात वाळल्या बाभळीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याची पाठ ज्याने पाहिली आहे, त्याला चेनसॉलाही ही सूट द्यावीशी वाटेल.

सूट दिली तरी एक अडचण राहते, आणि ती पैशांची आहे. एका घराचे वर्षाचे जळतन कटर दोन-तीन दिवसांत कापून टाकतो. उरलेले दिवस तो कोपऱ्यात पडून असतो, आणि कर्जाने घेतलेला असला तर हप्ता मात्र पडून राहत नाही. मग मालक इतरांचे बांध धरतो. पेट्रोल, टूटी ऑइल, साखळीचे तेल, मजुरी हे सगळे फांद्यांतून निघत नाही, खोडांतून निघते. किती कापायचे हे आता घरातल्या चुलीवर ठरत नाही. लक्कम्मा मापाकडे पाहू शकली, कारण तिच्या घरावर तांदळाचा हप्ता नव्हता. 22 इंची बारचा मोह लोभातूनच येतो असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. पुष्कळदा तो कर्जातून येतो.

मग उरलेल्या ताकदीचे काय करायचे? शरणांचे उत्तर दासोह: कायकातून आले ते आधी इतरांच्या पानात. मुडबीसारख्या गावात त्याची कसोटी पाहायला लांब जावे लागत नाही. लिंगायत आपल्या माणसाला बसत्या स्थितीत मातीत ठेवतात, त्यांना शेवटी लाकूड लागत नाही. शेजारच्या मराठा घरात दहन होते. तिथे तीन-चार क्विंटल लाकूड लागते, तेही काही तासांत, आणि पावसाळा असला तर कोरडे. आयुष्यभर एकाच बांधाची बाभूळ जाळलेल्या दोन घरांचा लाकडाशी शेवटचा व्यवहार इतका निराळा. अशा दिवशी कटरवाल्याने भाडे सांगावे का? दासोहाचा प्रश्न तिथे उभा राहतो, आणि त्याला जात विचारता येत नाही.

चार-सहा घरांनी मिळून एक 18 इंची कटर घ्यावा, ही वाट त्यातल्या त्यात शहाणपणाची दिसते. हप्ता विभागला जातो, हाव आपोआप कमी होते, आणि मयताला यंत्र तयार असते. पण यातही शरणांनी एक पाचर मारून ठेवली आहे. नुलिय चंदय्या दोऱ्या वळून विकणारा. त्याच्या गोष्टीत गवत कापताना अंगावरचे लिंग खाली पडते. चंदय्या कायक सोडून ते उचलायला थांबत नाही, आणि पुढे खुद्द लिंगालाच दोऱ्या विकायला पाठवतो. दुसऱ्याच्या कष्टावर बसायची सवलत तिथे देवालाही नाही. सामाईक कटरची गत मात्र ठरलेली असते. ज्याची पाळी तो कापतो, धार गेली की पूड पडेपर्यंत रेटतो, आणि बोथट साखळी तशीच पुढच्या घरी पोचवतो. 36 दात कुणी घासायचे, हे मशीन घेण्याआधीच ठरवलेले बरे.